बिनखिशाचा सदरा

हे लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधी माफ करा. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. सहीची वेळ आली की आमच्याकडे अंगठा पुढे केला जातो. मी यवतमाळला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायला मला वेळ लागतो, तोवर दुसरं कुणी उत्तर देऊन खाली बसलेलं असतं. माझ्या लिहिण्यात चुका असतील. कुठे जास्त बोलेन, कुठे बोलायचं तिथे अडेन. पण ही गोष्ट दुसरं कुणी लिहिणार नाही. ज्यांनी लिहिली, त्यांनी ती खोटी लिहिली आहे.

गेटपासून सांगतो.

मी नववीत होतो. सुट्टीत बाबांची भाकर घेऊन कारखान्यावर जायचो. लोहाऱ्याच्या बरंच पुढे, टेकडीच्या आड, सागाच्या झाडीत तो कारखाना आहे. बंदुकीच्या दारूचा. विहीर फोडायला, खदानीत सुरुंग लावायला, लग्नातल्या आतषबाजीला लागते ती काळी दारू तिथे होते. माझे बाबा आयुष्यभर तिथेच. भाकर फडक्यात बांधून न्यायची. स्टीलचा डबा गेटच्या आत चालत नसे. आत लोखंड म्हणून काही जायचंच नाही. लोखंड दगडावर घासलं की ठिणगी, आणि त्या जागेत ठिणगी म्हणजे सगळं खलास. म्हणून आतले हातोडे लाकडाचे, फावडी पितळेची आणि माणसं अनवाणी.

सकाळी गेटवर रांग लागायची. चपला बाहेर काढायच्या, हात वर करायचे. चौकीदार बगलेपासून घोट्यापर्यंत चाचपायचा. बायका केसांतले आकडे आणि पायांतली जोडवी काढून पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी उघडून दाखवायची. कधी तोंडही उघडायला लावत. माझ्या बाबांना मी तसं, हात वर करून, तोंड वासून उभं राहिलेलं पाहिलं आहे. ते त्यात काही वावगं मानत नसत. म्हणायचे, "आपल्याच जीवासाठी हाये थे."

त्या दिवशी मी भाकर घेऊन गेटबाहेर उभा होतो. मालकाचा पुतण्या बुलेटवरून आला. त्यांना सगळे छोटे मालक म्हणत. गाडी लावली आणि चालत आत निघाले. फरशीवर टक, टक, टक असा आवाज होत होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, याहिले नाई तपासत?"

मी चौकीदाराला विचारलं होतं. ऐकलं छोट्या मालकांनी. ते थांबले, वळले, हसले.

"ये. तूच तपास."

चौकीदाराच्या स्टुलावर त्यांनी पाय ठेवला. "बस खाली. नीट बघ."

मी खाली बसलो. बुटाचा तळ माझ्या तोंडासमोर आला. शेणाचा वास येत होता. टाचेला नाल ठोकलेली होती, लोखंडाची, घासून घासून चकचकीत झालेली. रांगेतली माणसं हसत होती.

"काय दिसलं?"

"लोखंड हाये," मी म्हणालो.

हसणं बंद झालं. भाकर घ्यायला बाबा गेटपर्यंत आलेच होते. ते पुढे झाले आणि त्यांनी मला एक ठेवून दिली.

"मालकाच्या जोड्यात लोखंड नसते. काय नसते?"

"लोखंड नसते."

"मोठ्यानं बोल."

मी मोठ्याने बोललो. सगळ्यांनी ऐकलं. छोट्या मालकांनी माझे केस विस्कटले. "हुशार आहे पोरगा," म्हणाले, आणि टक टक करत आत गेले. ऑफिसच्या ओसरीवरून मोठ्या मालकांचा आवाज आला, "मारू नकोस रे त्याला. आपल्या घरातलंच लेकरू आहे."

बाबा कोळशाचं काम करायचे. माझ्या गालावर पाचही बोटं काळी उमटली होती. मी तसाच घरी गेलो. मायने पदर ओला करून गाल पुसला. कुणी मारलं ते विचारलं नाही. बोटं तिच्या ओळखीची होती.

बाबांचं काम म्हणजे तुराट्यांचं. तुरीचं पीक निघालं की उरलेल्या वाळक्या काड्या गावोगावहून गोळा करायच्या. त्या खड्ड्यात रचून, वरून माती लिंपून, आत हवा न जाऊ देता जाळायच्या. त्यांचा हलका कोळसा होतो, चिमटीत धरला तर भुगा होतो असा. तो दळायचा. त्यात सोरा आणि गंधक कालवायचं, पाणी शिंपडून ओलं ठेवत कुटायचं, मग चाळायचं, मग वाळवायचं. ओलं असेपर्यंत भीती नाही. वाळलं की बोलायचं कमी आणि पाय हळू टाकायचे. कोळशाचं काम पिढ्यान् पिढ्या आमच्याच वस्तीकडे होतं. चाळणीवर, तोलावर, हिशेबावर दुसरे. "काळ्यायचं काम काळं," वस्तीवरचे लोक हसत म्हणायचे. मलाही लहानपणी त्याचं हसू यायचं.

अंगात कारखान्याचा सदरा. जाड मांजरपाटाचा. त्याला बटण नसे, बंद असत. आणि खिसा नसे. खिसा असला की माणूस त्यात काही ना काही ठेवणारच, म्हणून मालकांच्या पणजोबांनी घातलेला तो नियम होता. हे सदरे माझी मायच शिवायची, सगळ्या कामगारांचे. मशीनच्या आवाजात मी अभ्यास केला आहे. कापड बेततानाच ती म्हणायची, "याले खिसा नाई, म्हनून कापड कमी लागते. मालकाचा फायदा."

कॉलेजात पहिल्या वर्षी आमच्या इतिहासाच्या सरांनी सांगितलं, आपल्या भागातल्या एखाद्या जुन्या धंद्यावर लिहून आणा. मी दारूच्या कारखान्यावर लिहितो म्हटल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "याचा बाप दारूखान्यात हाये म्हन! एक क्वार्टर आन बे आमाले." वर्ग हसला. मी पण हसलो. हसलो नसतो तर जास्त चिडवलं असतं.

सरांनी दिलेल्या पुस्तकांतून मी एकोणिसाव्या शतकातल्या दारू-कामगाराविषयी वाचलं. अनवाणी पाय. लाकडी हातोडा. गेटवरची झडती. बिनखिशाचा अंगरखा. मी इंग्रजांच्या काळातल्या माणसाचा दिवस लिहायला घेतला आणि लिहून झाला तेव्हा तो माझ्या बाबांचा कालचा दिवस होता. फक्त झडतीतून चिलीम गेली होती आणि खर्रा आला होता.

मालकांच्या ऑफिसात एक मोठा फोटो आहे. पणजोबा खुर्चीवर बसले आहेत. मागे कामगार उभे आहेत. त्यातला डावीकडचा आमचाच कुणी पूर्वज आहे असं बाबा अभिमानाने सांगायचे. चेहरा पुसट झाला आहे, पण उभं राहण्याची तऱ्हा बाबांचीच आहे. माझं लिखाण मालकांना कळलं तेव्हा त्यांनी मला बोलावून त्या फोटोखाली उभं केलं, पेन दिला, पाहुण्यांना सांगितलं, "आमच्या घरातलाच आहे. शिकतोय." कॉलेजची फी तेच भरत होते. बाबा दाराबाहेर उभे होते. डोळे पुसत होते. त्या दिवशी मलाही वाटलं होतं की आपण कुणाच्या तरी घरातले आहोत. खोटं कशाला लिहू.

यंदा उन्हाळ्यात चाळणीघरात स्फोट झाला. बाबा तिथे कोळशाची पोती टाकायला गेले होते.

मी होस्टेलवर होतो. फोन आला आणि मी सरकारी दवाखान्यात पोचलो, तेव्हा बाबांचं डोकं, छाती आणि दोन्ही हात पट्ट्यांत होते. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. जीव वाचला. कान गेले. डॉक्टर म्हणाले, पडदे फाटले आहेत, आतलंही गेलं आहे, ऐकू येणं अवघड आहे.

स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की माणूस ओरडून बोलतो. मला पाहिल्याबरोबर बाबा ओरडले. सगळ्या वॉर्डाने ऐकलं.

"छोटे मालक आत आलते! चाळनीघरात! जोडे घालून आलते! बाहेर पडले का थे? त्याहिले लागलं तर नाई ना बाप्पा?"

मी मान हलवली. नाही लागलं. ते खरंच होतं. छोटे मालक तोवर बाहेर, कारखान्याच्या अंगणात पोचले होते. हवेच्या धक्क्याने पडले, उठले, कपडे झटकले. बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "देवानं वाचोलं."

वॉर्डाच्या दारात कारखान्याचा मॅनेजर फळांची पिशवी घेऊन उभा होता. त्यानेही ऐकलं. पिशवी तिथल्याच एका बाकावर ठेवून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी विडी सापडली.

बाबांच्या जळक्या सदऱ्याच्या खिशात विडीचं बंडल आणि आगपेटी मिळाली, असं कारखान्याने पोलिसांना सांगितलं. वस्तीत ही बातमी आली तेव्हा माय शेजारणीकडून हळद आणत होती. तिने नीट ऐकून घेतलं.

"कोन्त्या खिशात?" तिने विचारलं.

बातमी आणणाऱ्याने पुन्हा तेच सांगितलं, खिशात.

"मी सिवला थो सदरा. कोन्त्या खिशात?"

बाबा विडी ओढत नाहीत, हेही सगळ्यांना माहीत होतं. खर्रा खातात, तोही गेटबाहेर. पण लोक मायकडे बघेनात. ज्याच्या घरी कुणी ना कुणी कारखान्यात आहे, तो काय बोलणार?

मोठ्या मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती. छोटे मालक खिडकीपाशी मोबाईल बघत होते. त्यांच्या पायात नवे बूट होते, पांढरे, कापडी, मऊ तळाचे.

"हे बघ," मालक म्हणाले, "तुझे बाबा म्हणजे आमच्या घरातले. त्यांच्यावर केस व्हावी असं मला वाटत नाही. चौकशी अधिकारी येणार आहेत. त्यांना तू एवढंच सांगायचं, वडिलांना विडीची सवय होती, लपून ओढायचे. म्हातारा माणूस, चूक झाली. मी सगळं सौम्य करून घेईन. दवाखाना माझ्याकडे. तुझं शिक्षण माझ्याकडे."

मी ताडकन नाही म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी खाली बघत बसलो. दवाखाना डोळ्यांसमोर आला, होस्टेल आलं. मग काहीतरी बघायचं म्हणून मी वर, फोटोकडे बघितलं. डावीकडचा माणूस उभा होता. त्याच्या छातीवर खिसा नव्हता. कुणाच्याच नव्हता.

"मालक, बाबांच्या सदऱ्याला खिसा नाही," मी म्हणालो. आवाज फार बारीक निघाला.

मालकांनी चष्मा काढून पुसला. "मग कानामागे असेल. विडी काय, कुठेही ठेवता येते."

इतकं सोपं. मी दुसऱ्या उत्तराची वाट बघत होतो. ते दचकतील, गप्प होतील असं वाटलं होतं. त्यांनी विडी खिशातून काढून कानामागे ठेवली, आणि तिथूनही मी हलवली असती तर त्यांनी ती तिसरीकडे ठेवली असती. तेव्हा मला कळलं. आम्ही त्यांच्या घरातले होतो ते झाडूसारखे. झाडू घरातच असतो.

मी उठलो. "मी नाही सांगणार," म्हणालो. या वेळी आवाज बरा निघाला. "छोटे मालक जोडे घालून आत गेलते. नाल असलेले. नववीत मी स्वतः पाह्यली ती नाल."

छोटे मालक मोबाईलमधून वर न बघता म्हणाले, "तेव्हा तर म्हणाला होतास, लोखंड नसते. मोठ्याने."

मालक हसले नाहीत. त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं. "शिकवून चूक झाली," एवढंच म्हणाले.

चौकशी अधिकारी दवाखान्यात आले. मॅनेजर त्यांच्या सोबत होता. मी बुटांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, तू तिथे होतास का? मी नव्हतो. मग ते बाबांकडे वळले. "स्फोट कशामुळे झाला?" त्यांनी विचारलं. बाबांना फक्त ओठ हलताना दिसले. मोठे साहेब आले आहेत, काहीतरी विचारताहेत, एवढं त्यांना कळलं. जोड्यांचं कळावं म्हणून मी साहेबांच्या पायाकडे, माझ्या चपलेकडे बोट दाखवायला लागलो. साहेब म्हणाले, "तू शिकवू नकोस त्यांना."

बाबांनी पट्ट्यांतले हात कसेबसे जोडले आणि ओरडले, "मालक देवमानूस हाये, सायेब! माह्या पोराले शिकोलं त्याहिनं! माही काई तक्रार नाई!"

मॅनेजरने मान डोलावली. साहेबांनी लिहून घेतलं.

घरी आल्यावर आम्ही खुणांची बोली केली. अंगठा तोंडाकडे, पाणी. मनगटावर बोटं, डॉक्टर. तळहातावर अंगठा चोळला की खर्रा. मालकांची खूण बाबांनी स्वतःच ठरवली होती. दोन्ही हात जोडून कपाळाला लावायचे. दिवसातून कितीदा तरी ते हात जोडून भुवया उंचावायचे. मालक आले का? येणार का? आम्ही मान हलवायचो. ते म्हणायचे, "काम असन त्याहिले." अंगणात मालकांसाठी एक खुर्ची पुसून ठेवलेली असायची. तिच्याशेजारी खाली, रस्त्याकडे तोंड करून बाबा बसायचे. गाडी ऐकू यायची नाही म्हणून धूळ बघायचे. धूळ दिसली की मला हाक मारून खुर्चीवर पुन्हा फडकं मारायला लावायचे.

मी ते फडकं मारत होतो.

मायला मी म्हटलं, बाबांना सांगायला पाहिजे. ती म्हणाली, "नको सांगू राजा. कान गेले, बोटं गेले. आता त्याच्यापाशी तेवढंच उरलं हाये." मी फडकं पुन्हा उचललं. फी भरली गेली नव्हती, म्हणून कॉलेजही थांबल्यातच जमा होतं. मी लोहाऱ्याला एका गोदामात पोती उचलायला लागलो. संध्याकाळी परत आलो की खुर्ची तिथेच असायची, पुसलेली.

मग एक दिवस गुलाबकाका आले. कारखान्यात चाळणीवर असलेला, बाबांच्या बरोबरीचा माणूस. स्फोटाच्या वेळी ते बाहेर ओट्यावर माल वाळत घालत होते. बाबांच्या कानामागे विडी पाहिली, असं सांगणारे साक्षीदारही तेच. ते कळंबहून आले होते, चिंतामणीचं दर्शन करून. हातात प्रसादाची पुडी होती. बाबा त्यांना पाहून इतके खूश झाले की ओरडलेच, "अबे गुलाब्या! जित्ता हायेस का लेका! मले वाटलं तू बी फुटला!"

काका हसायला गेले, पण चेहरा वाकडा झाला. त्यांनी पुडी पुढे केली. बाबांनी डाव्या हाताने प्रसाद घेतला, कपाळाला लावला. मायने घेतला नाही.

"वयनी, माह्या पोरीले नोकरीले लावलं त्याहिनं ऑफिसात," काका खालमानेने म्हणाले. "काय करू मी?"

"प्रसाद तुमीच खा," माय म्हणाली.

काका उठले. अंगणाच्या कडेला मला थांबवून, दुसरीकडे बघत, भराभर बोलले. कारखाना पुन्हा सुरू होऊन राहिला आहे, पूजा ठरली आहे. चौकशीत सगळा दोष बाबांवर आला आहे. उद्या यवतमाळला साहेबांपुढे शेवटची सुनावणी आहे, कुणाला काही म्हणायचं असेल तर उद्याच, मग फाईल बंद. आम्हाला कुणी कळवलं नव्हतं.

"काका, तुम्ही पाह्यले होते ना जोडे?"

"आवाज आयकला," ते म्हणाले. "टक टक. मी काई बोलून नाई राह्यलो, बावा. मी फक्त सांगून राह्यलो." आणि गेले.

मी वळलो. बाबांनी मला बघून हात जोडले, कपाळाला लावले, भुवया उंचावल्या. गुलाब काय म्हणाला? मालक येणार का?

माझा हात फडक्याकडे गेला नाही.

मी काही म्हणायच्या आधी मायच आत गेली. बाबांचा दुसरा सदरा ट्रंकेत होता, धुऊन घडी केलेला. तो तिने आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. मग ती शेजारच्या दुकानात गेली आणि एक विडी घेऊन आली. ती मला दिली. "सांग," म्हणाली.

मी बाबांसमोर खाली बसलो. सदरा उलगडला. विडी दाखवली. ती सदऱ्याच्या छातीवर ठेवली, जिथे खिसा असतो. मग कारखान्याकडे बोट केलं. दोन्ही हात वर फेकून स्फोट दाखवला. मग बोट बाबांच्या छातीवर ठेवलं. तुम्ही.

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मायकडे बघितलं. त्यांनी विडी उचलून सदऱ्यावर ठेवून बघितली. ती घरंगळली. पुन्हा ठेवली. पुन्हा घरंगळली. मग उरलेल्या बोटांनी त्यांनी सदरा चाचपला. छातीवर, दोन्ही बाजूंना, उलटा करून आतून. चौकीदार गेटवर चाचपायचा तसा. सगळीकडे बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच हळू विचारलं,

"कोन म्हनते?"

याला खूण एकच होती. त्यांनीच दिलेली. मी दोन्ही हात जोडले आणि कपाळाला लावले.

बाबा बघत राहिले. मी हात खाली घेतले नाहीत. त्यांना समजलं नसेल असं वाटून मी पुन्हा तेच केलं. मायने माझा हात धरून खाली केला. "समजलं त्याले," म्हणाली.

रस्त्यावरून एक गाडी गेली. धूळ उठली. बाबांनी तिकडे बघितलं नाही. ते खुर्चीकडे बघत होते. मग त्यांनी माझ्या गालाला हात लावला, जिथे तेव्हा मारलं होतं तिथे. दोन बोटं नसलेला हात. या वेळी काही उमटलं नाही.

"लोखंड होतं," ते म्हणाले. मग ओरडून म्हणाले. वस्ती दारात आली. "लोखंड होतं जोड्यात! जाता जाता उंबऱ्याच्या दगडाले घासलं त्याहिनं! मी पाह्यलं! माह्या डोयानं पाह्यलं अन् मालकाले कसं बोलाव म्हनून चूप बसलो!"

मायने आवाज कमी करायची खूण केली. त्यांनी मान हलवली. नाही.

मी हाताने यवतमाळची दिशा दाखवली, सूर्य उगवताना दाखवला. उद्या. सकाळी. साहेब. बाबा ओरडून सांगणार आहेत, मी बाजूला उभा राहून लिहिणार आहे. साहेबांनी लिहून घेतलं नाही तरी माझ्याकडे लिहिलेलं राहील. फाईल बंद झाली तर मी ती उघडायला लावीन. त्यासाठी कायदा शिकावा लागला तर शिकीन, पोती उचलून शिकीन. आमच्यावर कुणी उपकार केले होते, हे मी यापुढे कुठेही म्हणणार नाही. आणि जोड्यात लोखंड नसते, हे माझ्याकडून आता कुणी वदवून घेऊ शकणार नाही. मोठ्याने नाही, हळूही नाही.

बाबांनी सदऱ्याची घडी करून ती मायकडे दिली. उद्या हाच घालणार, अशी खूण केली. अंगणातली खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच स्वतः तिच्यावर बसले.

मग खाली, स्वतःच्या उघड्या पायांकडे बघत, मोठ्याने विचारलं,

"माह्या चपला कुठी हायेत?"